विश्लेषण : मेणाच्या ऑम्लेटमधून उभा राहिला उद्योग, जपानमध्ये ‘खोटे जेवण’ घरोघरी पोहोचवणारे ताकिझो इवासाकी कोण होते?

जपानमध्ये हॉटेलात पाऊल ठेवण्याआधीच जेवण दिसते. दाराशेजारच्या काचेच्या कपाटात रामेनचा वाडगा, तळलेली कोळंबी, फेसाळ बिअरचा ग्लास, केकचा तुकडा असे सगळे मांडून ठेवलेले असते. नूडल्स उचलणाऱ्या चॉपस्टिक्स तर हवेतच थांबलेल्या असतात. यातले काहीही खाता येत नाही. या खाद्यनमुन्यांना तिथे ‘शोकुहिन सानपुरु’ म्हणतात आणि त्यांचा धंदा जपानभर नेण्याचे श्रेय ताकिझो इवासाकी यांना दिले जाते. १२ सप्टेंबर २०१६ रोजी, त्यांच्या १२१व्या जयंतीला, गूगलनेही डूडल करून त्यांची आठवण काढली होती.

कोण होते इवासाकी?

जन्म १८९५चा. गाव गुजो हाचिमान, जपानच्या मध्यभागातील गिफू प्रांतातले. डोंगर, स्वच्छ पाण्याचे ओढे आणि उन्हाळ्यातला रात्रभर चालणारा नाच यासाठी हे गाव आजही ओळखले जाते. वितळलेले मेण पाण्यात पडले की फुलासारखे पसरते, हे लहानपणी पाहिलेले दृश्य त्यांच्या मनात राहून गेले, असे सांगितले जाते. पुढे ते ओसाका या मोठ्या व्यापारी शहरात गेले.

ही कल्पना सर्वस्वी त्यांचीच होती का? तर नाही. टोकियो आणि क्योटोत मेणाचे पदार्थ बनवणारे कारागीर त्यांच्या आधीही होते. इवासाकींचे वेगळेपण दोन गोष्टींत होते. पदार्थाचा हुबेहूब ठसा घेण्याच्या पद्धतीवर त्यांनी घेतलेली मेहनत आणि त्या मेहनतीचा त्यांनी उभा केलेला व्यवसाय.

खोटे जेवण हवेच कशाला होते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये भोजनगृहे सुरू झाली. खरेदीला आलेली कुटुंबे तिथे जेवू लागली. अडचण अशी, की मेनूवरचे बरेच पदार्थ त्यांच्यासाठी नवे होते. करी राइस, कटलेट, ‘ओमुराइस’ म्हणजे केचप घातलेला भात पोटात घेतलेले ऑम्लेट. नाव वाचून ताटात नेमके काय येणार, हे कळत नसे. प्रत्येक टेबलावर वेटरने समजावत बसायचे, तर गर्दीच्या वेळी रांग तुंबणार.

सप्टेंबर १९२३च्या महाभूकंपानंतर टोकियोतील शिरोकिया या स्टोअरने भोजनगृहाबाहेर पदार्थांचे नमुने मांडले. लोक बाहेरच ठरवून आत येऊ लागले आणि काम झपाट्याने होऊ लागले. खरे पदार्थ मांडले तर ते दुपारपर्यंत सुकणार आणि उन्हाळ्यात त्यांना वासही येणार. म्हणून मेण.

ते ऑम्लेट कसे घडले?

या कहाणीचा खरा गाभा इथे आहे.

पत्नी सुझू यांनी केलेल्या ऑम्लेटवरून इवासाकींनी नमुना घडवायला घेतला. हाताने कोरून ऑम्लेटचा आकार जमतो, पण पृष्ठभाग जमत नाही. तव्यावर अंडे आवळताना पडणाऱ्या बारीक सुरकुत्या, कडेचा किंचित करपलेला भाग, हे डोळ्यांना नकळत ओळखू येते आणि ते नसेल तर साबणाची वडी पाहिल्यासारखे वाटते. म्हणजे खऱ्या ऑम्लेटचाच साचा घ्यायला हवा. पण तो कशाचा? प्लास्टर कडक होते. त्यातून मऊ पदार्थ आणि नंतर मेणाची प्रत न तुटता बाहेर काढणे अवघड.

यावरचे उत्तर जपानी स्वयंपाकघरातच होते. कांतेन, म्हणजे आपल्याकडे पुडिंगसाठी वापरतात तो चायना ग्रास. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या या पदार्थाचा एक विलक्षण गुण आहे. त्याचे द्रावण साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला घट्ट होते, मात्र एकदा घट्ट झाले की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत पुन्हा वितळत नाही. म्हणजे ते कोमट असतानाच ऑम्लेटवर ओतता येते, ऑम्लेट बिघडत नाही. ते घट्ट झाले की ऑम्लेट काढून घ्यायचे आणि त्या पोकळीत वितळलेले मेण ओतायचे. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६० अंशांना वितळते, त्यामुळे साचा शाबूत राहतो. वर तो लवचीक असल्याने मेणाची प्रत अलगद सुटते. जिलेटिन वापरले असते तर गरम मेण पडताच साचाच वितळला असता. तापमानांचा हा मेळ जमला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

त्यानंतर रंगकाम. अनेक महिने फसलेल्या प्रयत्नांनंतर तयार झालेले ऑम्लेट सुझू यांना खऱ्यापासून वेगळे ओळखता आले नाही, अशी हकिकत आहे. १९३२मध्ये इवासाकींनी ओसाकात स्वतःचा कारखाना सुरू केला.

विकले की भाड्याने दिले?

कलाकुसर उत्तम असली तरी मेणाला मर्यादा होत्या. काचेतल्या उन्हाने ते मऊ पडायचे, रंग फिके व्हायचे. हॉटेलमालकाने एकरकमी पैसे मोजून घेतलेला नमुना काही महिन्यांत कळकट दिसू लागला, तर तो पुन्हा कशाला घेईल? इवासाकींनी नमुने भाड्याने द्यायला सुरुवात केली. मालाचा दोषच नियमित उत्पन्नात बदलणारी ही युक्ती होती आणि व्यवसाय पसरण्यात तिचा वाटा मोठा मानावा लागेल. पुढे त्यांनी आपल्या गावी, गुजोतही कारखाना काढला.

जाहिरातीतील बनवाबनवीपेक्षा हे वेगळे कसे?

कॅमेऱ्यासमोरचे खोटे अन्न सगळ्यांच्या परिचयाचे आहे. स्टुडिओच्या दिव्यांखाली आइस्क्रीम टिकत नाही म्हणून कुस्करलेला बटाटा, थंडगार ग्लासवर ग्लिसरीनचे थेंब. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. प्रकरण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेले आणि १९७०मध्ये कंपनीला असे प्रकार न करण्याचे मान्य करावे लागले.

फोटो पाहणारा ग्राहक दूर असतो. इवासाकींचा ग्राहक मात्र काचेपासून दहा पावलांवर जेवायला बसणार असतो. नमुन्यातले ऑम्लेट मोठे आणि ताटातले लहान निघाले, तर लबाडी तिथल्या तिथे उघडी. साचा त्याच हॉटेलच्या खऱ्या पदार्थावरून घेतला जात असल्याने आकार आणि प्रमाण आपोआप खरे राहते. पाकिटांवर बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ प्रातिनिधिक’ छापणाऱ्यांना ही पद्धत परवडली नसती, हे उघड आहे.

मेणाचे पुढे काय झाले?

इवासाकींचे १९६५मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या दशकांत कांतेनच्या जागी सिलिकॉनचे साचे आले आणि मेणाच्या जागी व्हिनाइल रेझिन. रेझिन साच्यात ओतून भट्टीत भाजतात, मग ब्रश आणि एअरब्रशने रंगवतात. हे नमुने उन्हाला दाद देत नाहीत.

मेणाला कधीच न जमलेली एक गोष्टही यामुळे शक्य झाली, ती म्हणजे बर्फ. पॅराफिन धूसर असते, आरपार दिसत नाही. खरा बर्फही फ्रीजमध्ये पांढुरका होतो. पाणी सगळ्या बाजूंनी गोठते, त्यात विरघळलेली हवा मध्यभागी ढकलली जाते आणि बुडबुड्यांच्या रूपात अडकते. एकाच बाजूने हळूहळू गोठवले तरच बर्फ नितळ होतो. आता कोल्ड कॉफीच्या नमुन्यात पारदर्शक रेझिनचे खडे बसवतात आणि फोटो स्टुडिओत अ‍ॅक्रिलिकचे.

मेण पूर्णपणे हद्दपार मात्र झालेले नाही. गुजोत पर्यटकांना ते आजही हाताळायला मिळते. कोमट पाण्याच्या टबात आधी पांढरे, मग हिरवे मेण ओतायचे, पाण्यावर पसरलेला पातळ पापुद्रा दोन्ही हातांनी खाली ओढायचा आणि गुंडाळायचा. मिनिटाभरात लेट्यूसचा गड्डा तयार होतो. सुरीने मधोमध कापला की आत पानांचे थरही दिसतात.