अपराधी मुलांची माउली : मेरी कार्पेंटर

भगिनींनो, थोर स्त्रियांची नावे निघाली की आपल्याला अहिल्याबाई, झाशीची राणी, सावित्रीबाई आठवतात, आणि ते योग्यच आहे. आज मी एका परदेशी बाईंची ओळख करून देते. त्या झगडल्या त्या तुरुंगात पडलेल्या पोरांसाठी.

मेरी कार्पेंटर यांचा जन्म १८०७ साली इंग्लंडमधील एक्झिटर गावी झाला. वडील धर्मोपदेशक. पुढे हे कुटुंब ब्रिस्टल शहरी राहावयास गेले. १८३३ साली सतीची चाल बंद व्हावी म्हणून झटणारे राजा राममोहन रॉय तेथे आले. मेरीबाईंना त्यांचा सहवास लाभला. पण थोड्याच दिवसांत राजांचे तेथेच देहावसान झाले. आपल्या देशाविषयीची बाईंची ओढ तेव्हापासूनची.

त्याच वर्षी टकरमन नावाच्या अमेरिकन पाहुण्यांबरोबर त्या शहरातून जात होत्या. फाटक्या कपड्यांतला एक मुलगा समोरून पळत गेला. अशा मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेले पाहिजे, असे पाहुणे बोलून गेले. ते बाईंच्या मनात कायमचे राहिले. १८४६ साली त्यांनी गरीब वस्तीत अनाथ, भटक्या मुलांची शाळा काढली.

त्या काळी भाकरीचा तुकडा चोरणारे लहान मूलही मोठ्या गुन्हेगारांबरोबर तुरुंगात जाई आणि तेथे चोरीतच तरबेज होऊन बाहेर येई. बाईंचे म्हणणे साधे होते. मूल चुकले तरी ते मूलच. त्याला घर, माया, शिक्षण व हाताला काम द्यावे. १८५१ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. १८५२ साली किंग्सवूड येथे सुधारणाशाळा काढली. मुलगे आणि मुली एकत्र ठेवणे जमेना, म्हणून १८५४ साली रेड लॉज या वाड्यात खास मुलींची शाळा सुरू केली. वाडा कवी बायरन यांच्या पत्नीने घेऊन दिला. स्वयंपाक, धुणे, शिवण आणि लिहिणेवाचणे असा तेथला क्रम होता.

त्याच साली अशा शाळांना मान्यता देणारा कायदा झाला; पण शाळेत पाठविण्यापूर्वी मुलाने निदान १४ दिवस तुरुंगात काढावेत, अशी अट त्यात होती. बाईंना ती मुळीच पटली नाही. एकदा कपाळी तुरुंगाचा डाग लागला की पुसणे कठीण, हे त्या जाणून होत्या. ती अट निघाली १८९९ साली. तेव्हा बाई हयात नव्हत्या.

१८६६ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्या प्रथम हिंदुस्थानात आल्या आणि पुढे आणखी तीनदा आल्या. मुंबई, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता येथे हिंडून त्यांनी मुलींच्या शाळा व तुरुंग पाहिले. शिक्षिका तयार करा आणि अपराधी मुलांना तुरुंगापासून वेगळे ठेवा, असा त्यांनी सरकारकडे आग्रह धरला. मुंबईत १८५७ सालापासून डेव्हिड ससून यांच्या नावाची अशी एक संस्था होतीच. १८७६ साली येथेही सुधारणाशाळांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी बाई ब्रिस्टल येथे निवर्तल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. दत्तक घेतलेल्या एका लहान मुलीच्या मात्र त्या आई झाल्या.

आज २०१५ च्या कायद्याने, आरोप आलेल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. पण कायदा छप्पर देतो, माया देत नाही. तेथून परतलेल्या पोराला आपल्या आळीत कोणी खेळायला घेत नाही, आणि आपणच आपल्या मुलांना आत बोलावून घेतो. मला वाटते, त्या १४ दिवसांची अट अशी आपल्या उंबरठ्यावर अजून शिल्लक आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. सणावारी लाडू वाटून फोटो काढण्यापेक्षा, येत्या वर्षी मंडळाने अधीक्षकांची परवानगी घेऊन दर आठवड्याला दोन भगिनींना निरीक्षणगृहात पाठवावे. शिवण, वाचन, गोष्टी, जिला जे येत असेल ते तिने शिकवावे. मी माझे नाव पहिले देते.