कोण होते यशवंत घाडगे? इटलीत धारातीर्थी पडलेला माणगावचा वीर

रायगडमधील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनमुळे त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. ग्रेनेड फेकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गाठले. वय अवघे २२.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. पार्थिव मात्र कधीच सापडले नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात पुतळा उभा आहे.