पाण्याची न्याय्य वाटणी आणि सर विश्वेश्वरय्या

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला कलह धम्माच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कारणमीमांसा याच कलहातून केली आहे. नदी दोन्ही तीरांवरील लोकांची होती. वाद होता तो पाणी आधी कोणी घ्यावे आणि किती घ्यावे याचा. हाच प्रश्न आयुष्यभर हाताळणारे अभियंते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. वयाची शंभरी ओलांडून १४ एप्रिल १९६२ रोजी, भीमजयंतीच्याच दिवशी, ते निवर्तले. त्यांच्या जीवनातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आपल्या समाजाने डोळसपणे तपासावे असेही काही आहे.

म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेतच पितृछत्र हरपले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला व १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळविली. पुढचे शिक्षण मात्र स्वबळावर शक्य नव्हते. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये येऊ शकले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले. बुद्धी त्यांची स्वतःची होती, परंतु पुण्याची वाट शासनाच्या साहाय्याने मोकळी झाली. पुढील कथेच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. आरंभीची नेमणूक नाशिक-खानदेश भागात होती. पांझरेच्या खोऱ्यातील दातर्ती येथे ओढ्याच्या तळाखालून नळ टाकून कालव्याचे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा सुरू होता. पुराबरोबर येणारी वाळू खोदलेला पाया पुन्हा भरून टाकी. काम पावसाळ्यानंतर करावे, असे तरुण अभियंत्याचे मत होते. वरिष्ठांना ते रुचले नाही, तेव्हा त्यांनी भर पावसात ते काम तडीस नेले. याच पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत नांदत होती. लाभक्षेत्राचे फड पाडून, गावकऱ्यांनी आपसांत पाळ्या ठरवून पाणी घेण्याची ती जुनी रीत होती.

पुढील दोन तपांत त्यांच्या हातून झालेली कामे नगरांच्या नित्य जीवनाशी निगडित होती. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंध प्रांतातील सक्कर येथे सिंधू नदीचे गढूळ पाणी गाळून पुरवायचे होते, पण नगरपालिकेची आर्थिक ताकद बेताची होती. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूच्या थरांतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी त्या विहिरीत साठू लागले आणि निसर्गानेच गाळणीचे काम केले. त्यानंतर सुरत व पुणे येथे त्यांनी सेवा केली. १९०६ साली एडनच्या पाणीपुरवठ्याची व सांडपाण्याची योजना सिद्ध केली. खडकवासला येथे तलावाच्या सांडव्यावर बसविलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांची विशेष ख्यातीची निर्मिती होय. पाणी ठरावीक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत, पातळी उतरली की आपोआप मिटत. त्यामुळे धरणाच्या भिंतीची उंची न वाढविता सुमारे ८ फूट अधिक पाणी साठू लागले. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे होते, तथापि सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाचे मानधन त्यांनी घेतले नाही.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम दख्खनच्या कालव्यांवरील आहे. मुठा आणि नीरा कालव्यांच्या वरच्या टोकाचे बागाईतदार उसासाठी हवे तितके पाणी घेत. त्यांच्या जमिनी अतिपाण्याने चोपण होत आणि टेलच्या गावांत मात्र चाऱ्या कोरड्या पडत. यावर त्यांनी १८९९ च्या सुमारास ब्लॉक पद्धत मांडली. लाभक्षेत्राचे गट पाडावेत, उसाला गटाचा ठरावीक हिस्साच द्यावा, उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची पिके घेऊन दरवर्षी पिकांची फेरपालट करावी आणि वाचलेले पाणी अधिकाधिक गावांना पोचवावे, असे तिचे सूत्र होते. वरच्या बागाईतदारांनी विरोध केला. पण कालवा मोकळा सोडला तर उगमाजवळचाच सारे घेतो आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचविण्यासाठी त्याचा हिस्सा आधीच राखून ठेवावा लागतो, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

एवढी कर्तबगारी असूनही इलाख्याच्या मुख्य अभियंत्याची खुर्ची भारतीयाला मिळण्याजोगी नव्हती. १९०८ साली त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर अडवावा, ही त्यांची सूचना पुढे उस्मानसागर व हिमायतसागर या तलावांच्या रूपाने साकार झाली. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले. सिमेंटऐवजी चुना आणि भाजलेल्या विटांची भुकटी वापरून उभ्या राहिलेल्या या धरणाने मंड्याचा कोरडवाहू प्रदेश भिजविला. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानचे दिवाण होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा, म्हैसूर बँक आणि १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ ही त्या कारकिर्दीची देणगी होय.

येथे त्यांच्या चरित्रातील अवघड पान उघडते. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांचे प्रमाण अत्यल्प होते. त्याचा विचार करण्यासाठी महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी १९१८ साली न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांची समिती नेमली. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात, मागासांसाठी शिक्षण वाढवावे पण जागा राखू नयेत, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. मतभेद मिटले नाहीत आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश १९०२ सालीच काढला होता. मिलर समितीच्या शिफारशीही १९२१ साली म्हैसूरने स्वीकारल्या.

कालव्यावर जे सत्य त्यांना दिसले, ते कचेरीत का दिसले नसावे? शिक्षणाचा आणि सत्तेचा प्रवाहही शतकानुशतके उगमाजवळच्यांनी अडविला होता. टेलच्या माणसाला केवळ प्रवाहाची क्षमता वाढवून काही मिळत नाही. ज्या इलाख्यात त्यांनी नगरांना नळाचे पाणी दिले, त्याच इलाख्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांस खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन पाण्याचा हक्क बजावावा लागला. तळ्यात पाणी होते आणि ठरावही कागदावर होता, परंतु अस्पृश्यांची ओंजळ तेथवर पोचू दिली जात नव्हती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रम, सिंचन व वीज ही जबाबदारी सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेला चालना दिली.

विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न लाभले आणि त्यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. एका मर्यादेमुळे त्यांचे कार्य झाकोळू नये आणि त्या कार्याच्या दीप्तीत ती मर्यादाही लपू नये. धम्म आपल्याला जे आहे ते जसे आहे तसे पाहावयास शिकवितो.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी जे पाटबंधारे, पाणीपुरवठा वा बांधकामाच्या सेवेत जातील, त्यांनी विश्वेश्वरय्यांकडून अचूक मोजमाप, वेळेचा काटेकोरपणा आणि निष्कलंक हात हे गुण अवश्य घ्यावेत. सम्यक आजीविका ती हीच. आणि कामाची पाहणी करताना एक नियम स्वतःला घालून घ्यावा: धरणाच्या भिंतीवर उभे राहून समाधान मानू नये, कालव्याच्या काठाने शेवटच्या चारीपर्यंत, नळाच्या शेवटच्या तोटीपर्यंत पायी चालत जावे आणि तेथे पाणी पोचले आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.