घाशीराम कोतवाल : नाटकातला आणि कागदातला



घाशीराम म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेंडुलकरांचं नाटकच उभं राहतं. शेंड्या-सोवळ्यांची ती डुलणारी रांग, भास्कर चंदावरकरांचं संगीत, डॉ. मोहन आगाशे यांचे नाना. जब्बार पटेलांनी बसवलेलं हे नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिल्यांदा झालं आणि त्यावर काय वादळ उठलं ते आपल्या आई-वडिलांच्या पिढीला चांगलंच आठवत असेल. हे ऐतिहासिक नाटक नाही, असं खुद्द तेंडुलकरांनीच सांगून ठेवलं होतं. पण झालं असं की नाटक इतकं जबरदस्त निघालं, की खरा घाशीराम त्याच्यामागे झाकला गेला.

मी पेशाने कॉम्प्युटर इंजिनियर, इतिहासाचा अभ्यासक वगैरे अजिबात नाही. इथे मस्कतमध्ये कंपन्यांच्या सिस्टिम्स सांभाळतो. आमच्याकडे कुणाची काही तक्रार आली की तिचं एक तिकीट उघडतं, त्याला नंबर पडतो, प्रकार ठरतो, आणि काम झालं की ते बंद होतं. दिवसभर हेच पाहत असल्यामुळे असेल, पण घाशीरामाबद्दल वाचताना मला वेगळाच प्रश्न पडला. त्या काळच्या पुण्यात एखाद्याने गुन्ह्याची तक्रार केली, तर ती लिहून कोण घ्यायचं? आणि पुढे तिचा निकाल कसा लागायचा? त्या प्रश्नाचा माग काढता काढता या माणसाची गोष्ट हाती लागली.

घाशीराम सावळदास हा मूळचा औरंगाबादचा, उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. नशीब काढायला पुण्यात आला. तो काळ मोठा धामधुमीचा होता. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांना जाऊन मिळाले, आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने बारभाईंचा कारभार सुरू झाला. सगळी सूत्रं हळूहळू नाना फडणवीसांच्या हातात आली. १७७८ मध्ये त्यांच्याच चुलत घराण्यातल्या मोरोबादादांनी त्यांच्याविरुद्ध कारस्थान केलं, आणि १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत येऊन ठेपली. अशा वेळी राजधानीत कोण येतंय, कोण जातंय, कोण कुणाच्या वाड्यात रात्री बसतंय, याची खबर हवी ना? १७७७ च्या फेब्रुवारीत घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला तो याच धामधुमीच्या काळात. म्हणजे नानांना नुसता पोलीस नको होता, आपले डोळे आणि कान हवे होते. घाशीरामाने ते काम चौदा वर्षं केलं.

आता कोतवाल म्हणजे नक्की काय? आपल्याला वाटतं तसा तो फक्त चोर पकडणारा नव्हता. शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, बाजारातले भाव आणि वजनं-मापं, घराच्या भिंतीवरून आणि बोळाच्या हद्दीवरून होणारी भांडणं, घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं, रात्रीचा पहारा, हे सगळं त्याच्याकडे. आजच्या भाषेत पोलीस कमिशनर, म्युनिसिपल कमिशनर आणि छोटा मॅजिस्ट्रेट असं तीन-इन-वन पद! पेठापेठांतून चावड्या होत्या, तिथे कारकून आणि प्यादे बसत. शहर वाढत गेलं तशा घाशीरामाच्या काळात चावड्याही वाढल्या. रात्री ठरलेल्या वेळी तोफ व्हायची. त्यानंतर रस्त्यावर जो सापडेल त्याची रात्र चावडीत.

हे वाचून आपल्या मस्कतच्या जुन्या रहिवाशांना काहीतरी आठवेल. जुन्या मस्कत शहराचे दरवाजेही सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांनी बंद व्हायचे, आणि त्यानंतर बाहेर पडायचं तर हातात पेटता कंदील हवा, असा नियम अगदी १९७० पर्यंत होता. कंदील कशासाठी? तर माणसाचा चेहरा दिसावा म्हणून. म्हणजे विचार तोच, काळोखात कोण फिरतंय ते सरकारला कळलं पाहिजे. फरक इतकाच की मस्कतमध्ये कंदील घेऊन निदान जाता तरी येत होतं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. नोंद व्हायची का? तर व्हायची, आणि अगदी बारकाईने. पेशवाईच्या दप्तरखान्यातले मोडी कागद आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि त्यांत कोतवालीचे हिशेबही आहेत. पण लक्षात घ्या, हिशेब! गुन्ह्याची नोंद आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः जमाखर्चातून. अपराध शाबीत झाला की दंड, त्याला म्हणत गुन्हेगारी. दाव्यात जो जिंकेल त्यानेही सरकारात रक्कम भरायची, तिचं नाव हरकी. म्हणजे प्रकरण मिटलं याचा पुरावा काय, तर रक्कम जमा झाली. फिर्याद करणाऱ्याचं समाधान झालं की नाही, याला त्या हिशेबात रकानाच नव्हता.

आमच्या धंद्यात याला फार धोकादायक मानतात. ज्या आकड्यावर माणसाचं काम मोजलं जातं, तो आकडा माणूस वाढवतोच, मग प्रत्यक्ष काम होवो न होवो. कोतवालाचं काम वसुलीवर मोजलं गेलं, तर गुन्हे सापडणारच! घाशीरामाच्या अंमलात पुण्यात चोऱ्यांना आळा बसला असेलही, पण त्याच्या माणसांच्या जुलमाची आणि पैसे उकळण्याची दहशतही तितकीच बसली. आणि तक्रार करायची कुणाकडे? कोतवालाविरुद्धची फिर्याद लिहून घेणार कोतवालाच्याच चावडीत. तिथून वर नानांपर्यंत पोचली, तरी नानांना घाशीराम हवा होता. चौदा वर्षं हे असंच चाललं.

मग १७९१ चा श्रावण आला. पेशव्यांकडून दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा मिळायची आणि त्यासाठी दूरदूरहून लोक पुण्यात यायचे. तेलंगणातून आलेले तीसेक ब्राह्मण दक्षिणा घेऊन परतीच्या वाटेला लागले होते. भवानी पेठेत घाशीरामाची बाग होती, तिच्या आसपास ते उतरले. भूक लागली म्हणून बागेतलं काहीबाही तोडून खाल्लं. माळ्यांशी तंटा झाला, आणि कोतवालाच्या माणसांनी त्या सगळ्यांना पकडून एका कोंदट, अपुऱ्या जागेत कोंडलं. ऑगस्टचा शेवट, बाहेर पावसाळी हवा, आत हवाच नाही. दार उघडलं गेलं नाही. गुदमरून वीसच्या आसपास माणसं मेली.

दार उघडलं ते मानाजी फाकडे या सरदाराने. आत माणसं मरतायत हे कळल्यावर त्याने कुलूप तोडलं आणि जिवंत होते त्यांना बाहेर काढलं. पोलिसांचं नव्हे, लष्करातल्या माणसाचं हे काम, पण त्याने ते केलं. त्याच्यामुळे ही गोष्ट कोतवालीच्या भिंतीबाहेर आली.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. घाशीरामाने नानांना कळवलं की पकडलेली माणसं चोर होती. तेवढ्यावर प्रेतं जाळायची परवानगीही मिळाली. एक शब्द, चोर! तो शब्द नोंदला गेला असता आणि प्रेतं जळली असती, तर प्रकरण मिटलं होतं. वीस माणसं कागदावर चोर म्हणून राहिली असती आणि आज सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी आपण तो कागद खरा धरला असता. खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण नोंद नसेल तर निदान शोध तरी चालू राहतो.

पण बातमी पेठांतून पसरली. पुण्यातले तेलंगी ब्राह्मण शेकड्यांनी नानांच्या वाड्यापुढे जमले. न्याय मिळाल्याशिवाय हलायला तयार होईनात. थोर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे दोनच वर्षांपूर्वी, १७८९ मध्ये वारले होते. त्यांच्या जागी आलेल्या अय्याशास्त्र्यांनी चौकशी केली. घाशीराम दोषी ठरला. त्याची शहरातून धिंड निघाली आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला जमावाच्या हवाली करण्यात आलं. त्या जमावाने दगडांनी ठेचून त्याचा जीव घेतला.

प्रकरण निकालात निघालं. पण खरंच निघालं का? जमावाला माणूस मिळाला, नानांवरचं बालंट टळलं, दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं. चौदा वर्षांतल्या बाकीच्या तक्रारींचं काय झालं? त्याला नेमणाऱ्याला, पाठीशी घालणाऱ्याला कुणी काही विचारलं का? नारायणरावांच्या खुनाचा तपास रामशास्त्र्यांनी केला, तेव्हा त्यांचं बोट थेट राघोबादादांपर्यंत गेलं होतं. इथे ते कोतवालापाशीच थांबलं. आमच्याकडे असं तिकीट कुणी बंद केलं तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडतं, कारण बिघाड जिथे होता तिथेच असतो. घाशीराम दोषी होता यात शंका नाही. पण आरोपीला फिर्यादींच्याच हातात देणं हा न्याय नव्हे, हेही तितकंच खरं.

१८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी घाशीरामाच्या नावाने मराठीत पुस्तक लिहिलं, पुढे शंभर वर्षांनी तेंडुलकर आले. प्रत्येक काळाला हा माणूस पुन्हा आठवतो, त्याचं कारण उघड आहे. दार आतून बंद असलेली कोठडी अजून संपलेली नाही.

मात्र त्या कोठडीवर उपाय शोधले गेले आहेत, तेही सांगायला हवेत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात ठरवून दिलं की अटक केल्यावर वेळ आणि तारखेसह अटकेचा कागद तिथल्या तिथे व्हायला हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, आणि नातेवाइकांना कळवायला हवं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं तर राज्यघटनेतच आहे. २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात न्यायालयाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवून घ्यायलाच हवी. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते.

आपल्यासारख्यांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे. आपण इथे, आई-बाबा तिकडे पुण्याला, सांगलीला नाहीतर नागपूरला. घरी चोरी झाली, फोनवरून कुणी फसवलं, की ते बिचारे ठाण्यात जातात आणि साधा अर्ज देऊन परत येतात. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे! त्यांना फोनवर एवढंच सांगा, की नोंद करून घ्या, आपल्या शब्दांत लिहिलंय ना ते वाचून पाहा, आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

भवानी पेठेतल्या त्या माणसांची नावं कुठल्या चावडीत लिहिली गेली असती, कुणी येऊन ती वाचली असती, तर कदाचित पहाटेच्या आधी दार उघडलं असतं.