योनीमार्गातले ‘पहारेकरी’ शोधणारा डॉक्टर : आल्बर्ट डोडरलाइन

कणकवली तालुक्यातलं तळेरे असो की पुणे-मुंबई, रात्री दुधाला विरजण लावलं की सकाळी दही तयार. ही करामत दुधातल्या साखरेचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंची. याच कुळातले जिवाणू स्त्रीच्या योनीमार्गातही राहतात आणि तिला संसर्गापासून वाचवतात. हे जगाला पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ते आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी.

त्यांचा जन्म ५ जुलै १८६० रोजी ऑग्सबर्गमध्ये झाला. अर्लांगेनला वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर ते लाइपझिगच्या स्त्री-रुग्णालयात काम करू लागले. तो काळ सूतिकाज्वराचा होता. बाळंतपण नीट पार पडायचं, पण काही दिवसांत ताप चढायचा आणि बाळंतीण दगवायची. डॉक्टरांनी हात निर्जंतुक केले तर हे मृत्यू घटतात, हे सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच व्हिएन्नात दाखवलं होतं. तरी एक प्रश्न उरलाच होता. रोगजंतू बाहेरून येतात की बाईच्या अंगात आधीपासूनच असतात? आत असतील तर प्रत्येक गरोदर बाईचा योनीमार्ग जंतुनाशकानं धुवायचा का?

डोडरलाइन यांनी गरोदर स्त्रियांचा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. निरोगी स्राव चांगलाच आम्लधर्मी होता आणि त्यात काडीच्या आकाराचे जिवाणू भरपूर होते. बिघडलेल्या स्रावात आम्ल कमी आणि इतर जंतूंची गर्दी. मग त्यांनी हे काडीसारखे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले. त्यांनी तयार केलेल्या आम्लात पू करणारे जंतू तग धरत नव्हते. हे सगळं त्यांनी १८९२ च्या ग्रंथात मांडलं. थोडक्यात, निरोगी स्राव म्हणजे घाण नव्हे, ती शरीराची राखण आहे. पुढे हे जिवाणू ‘डोडरलाइन बॅसिलस’ म्हणून ओळखले गेले. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात.

ही राखण चालते कशी? इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. त्यातून मिळणाऱ्या साखरेपासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बऱ्याच रोगजंतूंना वाढता येत नाही. अँटिबायोटिक्स, आतून धुण्याची सवय, रजोनिवृत्ती यांनी हा तोल ढळू शकतो.

डोडरलाइन स्वच्छतेच्या विरोधात मुळीच नव्हते. जर्मनीत प्रसूती आणि स्त्रीरोग शाखेत रबरी हातमोजे रुळवणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. ग्रोनिंगन आणि ट्युबिंगेननंतर १९०७ मध्ये ते म्युनिकला प्राध्यापक झाले. गर्भाशयाच्या कर्करोगावर किरणोपचार वापरणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांतही ते होते. १० डिसेंबर १९४१ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचं चित्र मात्र थोडं सरळसोट होतं. हे जिवाणू एकाच जातीचे नसतात. २०११ मध्ये अमेरिकेत कोणताही त्रास नसलेल्या ३९६ स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा जिवाणूंचे पाच गट दिसले. चार गटांत लॅक्टोबॅसिलसच्या वेगवेगळ्या जातींचं वर्चस्व होतं, पण साधारण चौथा हिस्सा स्त्रियांत तसं नव्हतं. म्हणजे सगळ्यांचा ‘नॉर्मल’ एकच नसतो.

आपल्याकडे अडचण आहे ती न बोलण्याची. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं पुरेसं आहे. आतून साबण, सुगंधी वॉश किंवा घरचं दही लावू नका; दह्यातले जिवाणू वेगळ्या जातींचे असतात. पण माशासारखा वास, खाज, जळजळ, रंग बदललेला किंवा दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव असेल, तर न लाजता डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात तर अजिबात थांबू नका.