टोपलीभर मातीचा धनी

अद्भुत कथांमध्ये जादूची वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की कथेला वळण लागते. अल्लाउद्दिनाचा दिवा ज्याच्या हाती असेल त्याची आज्ञा पाळतो; मग तो हात साध्याभोळ्या मुलाचा असो वा कपटी मांत्रिकाचा. इंग्रज लेखक टॉलकिन यांच्या कादंबरीतील अंगठीची तऱ्हा निराळी आहे. खून करून ती मिळवणारा तिचा गुलाम होऊन राहतो आणि जो तिला आपण होऊन सोडतो तो वाचतो. अशा कथा वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो. वस्तू आपल्या ताब्यात आली म्हणजे ती आपली झाली काय? या प्रश्नाचे उत्तर १९०१ साली छत्तीसगडातील एका मराठी भाषिक संपादकाने एका लहानशा हिंदी कथेत दिले. पुढे स्वतःच्या आयुष्यातही त्याला तेच उत्तर पुन्हा द्यावे लागले. त्या थोर पुरुषाचे नाव माधवराव सप्रे.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात अनेक मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली होती. सप्रे कुटुंबही पुढे बिलासपूरला आले. माधवरावांचे प्राथमिक शिक्षण तेथे व माध्यमिक शिक्षण रायपूरला झाले. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, अशा दोन भाषांच्या सावलीत ते वाढले. कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी अशा पदवीधरापुढे सरकारी अधिकारपदाची वाट मोकळी होती. परंतु माधवरावांनी ती वाट धरली नाही. पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून त्यांनी काम पत्करले आणि त्या मिळकतीच्या बळावर जानेवारी १९०० मध्ये छत्तीसगढ मित्र हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. तिघेही मराठी, आणि तिघांनीही हिंदीची सेवा आरंभिली. पैशाच्या अभावी हे मासिक तीन वर्षांत बंद पडले; परंतु छत्तीसगडातील पत्रकारितेचा पाया त्यानेच घातला.

याच मासिकात १९०१ साली माधवरावांची एक टोकरी भर मिट्टी ही कथा प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. तिचा पती व एकुलता एक पुत्र याच झोपडीत वारलेले असतात. सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेलेली असते. वाड्याचे आवार वाढवावे म्हणून जमीनदाराला ती जागा हवी असते. विधवा राजी होत नाही. तेव्हा तो वकिलांना पैसे चारून न्यायालयातून झोपडीचा ताबा मिळवतो आणि म्हातारीला बाहेर काढतो.

काही दिवसांनी ती हातात टोपली घेऊन येते. घर सुटल्यापासून नातीने अन्न सोडलेले असते. या मातीची चूल करून तिच्यावर भाकरी भाजावी, म्हणजे मुलगी जेवेल, या आशेने ती केवळ एक टोपलीभर माती मागते. जमीनदार परवानगी देतो. आत गेल्यावर जुन्या आठवणींनी तिचे डोळे भरून येतात. टोपली भरून ती बाहेर येते व टोपली डोक्यावर घेण्यासाठी जमीनदाराने जरा हात लावावा अशी विनवणी करते. तो आधी संतापतो, मग त्याला दया येते, आणि तो स्वतःच टोपली उचलू पाहतो. सारी शक्ती लावली तरी टोपली जागची हलत नाही. तेव्हा विधवा त्याला शांतपणे विचारते की, एवढी एक टोपली पेलवत नसेल तर या झोपडीतील हजारो टोपल्या मातीचा भार तो जन्मभर कसा वाहणार? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो क्षमा मागतो आणि झोपडी तिला परत देतो.

या कथेत मंत्र नाही की देवदूत नाही. तरीही ती टोपली कोणत्याही जादूच्या दिव्याइतकीच अद्भुत आहे. न्यायालयाच्या कागदाने जमिनीचा ताबा बदलला, पण मातीने नवा धनी मान्य केला नाही. आपल्या वाचकांना येथे नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अहाब राजालाही आपल्या राजवाड्याशेजारचीच जमीन हवी होती, आणि तेथेही न्यायाच्या नावाखालीच अन्याय झाला. परंतु अहाब नम्र झाला तो नाबोथाचा जीव गेल्यावर. माधवरावांचा जमीनदार वेळीच शुद्धीवर आला.

यानंतर सात वर्षांनी माधवरावांवर स्वतःच असे एक ओझे उचलण्याची वेळ आली. लोकमान्य टिळकांच्या केसरीतील विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत म्हणून १९०७ साली त्यांनी नागपूरहून हिंदी केसरी सुरू केले. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये माधवरावांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या दबावापुढे त्यांचे मन अखेर हरले. त्यांनी क्षमापत्रावर सही केली व ते सुटले. कायद्याने स्वातंत्र्य त्यांचे झाले, पण ते त्यांना पेलवेना. लोकांनी निंदा केली. त्याहून अधिक त्यांनी स्वतःच स्वतःची केली. कोणतीही सबब न सांगता ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले. वर्ध्याजवळ एका रामदासी सत्पुरुषाच्या सहवासात राहून हा पदवीधर संपादक दारोदार माधुकरी मागू लागला.

तेथे ते दासबोधात रमले आणि पुढे तो ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले गीतारहस्य १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले. त्याचे हिंदी भाषांतर करण्याचे कार्य माधवरावांनीच पार पाडले. जो तुरुंगवास ते सोसू शकले नव्हते त्याच तुरुंगवासातून जन्मलेला ग्रंथ उत्तर भारतातील वाचकांच्या हाती त्यांच्या लेखणीने पोहोचला. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचेही त्यांनी हिंदी भाषांतर केले.

स्वतःजवळ काही राखून ठेवणे त्यांना जमत नसे. अर्थशास्त्रावर लिहिलेले आपले अप्रकाशित हस्तलिखित त्यांनी महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या स्वाधीन केले होते. द्विवेदींच्या संपत्तिशास्त्र या ग्रंथाला त्याचे साहाय्य झाले. १९२० मध्ये जबलपूरहून कर्मवीर पत्र निघाले. त्यामागे माधवरावांचे परिश्रम होते, पण संपादकाच्या खुर्चीवर त्यांनी माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीला बसवले. रायपूरला त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा स्थापन केली. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी भाषिकाकडे चालून आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथेच त्यांनी देह ठेवला.

आज रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे आणि भोपाळमध्ये त्यांच्या स्मृत्यर्थ वृत्तपत्रांचे मोठे संग्रहालय उभे आहे. जमीनजुमला, पद, पैसा यांपैकी काहीही त्यांनी मागे ठेवले नाही. वाचकहो, वारसाहक्काचे कज्जे आपल्याही घराघरांत चालतात. भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात उभा राहतो आणि जिंकलेला घरी येऊन सुखाने झोपतोच असे नाही. अशा वेळी त्या विधवेच्या टोपलीला एकदा हात लावून पाहावा. ती जागची हलते की नाही, हे प्रत्येकाला स्वतःच कळेल.