कीटकसृष्टीची चित्रकर्त्री : मारिया सिबिला मेरियन

किडा, अळी, सुरवंट, कोळी हे शब्द कानीं पडतांच बहुतेकांच्या कपाळास आठी पडते. सिंहाचें शौर्य आणि गरुडाची भरारी वर्णावयास कवि व चित्रकार पुढें सरसावतात. परंतु पायाखालीं चिरडल्या जाणाऱ्या जीवांकडे सहसा कोणी वळूनही पाहत नाहीं. वास्तविक ज्यांस पाठीचा कणा नाहीं असे प्राणी पृथ्वीवर इतर प्राण्यांहून कितीतरी पटीनें अधिक आहेत. फुलांचीं फळें होणें, पालापाचोळ्याची माती होणें, पांखरांच्या पिलांचीं पोटें भरणें, हीं कामें त्यांच्यावांचून चालावयाचीं नाहींत. अशा या उपेक्षित सृष्टीकडे सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं एका मुलीचें लक्ष गेलें, आणि तिनें आपला सारा जन्म त्या कामीं वेंचिला. ती शास्त्रज्ञ होती आणि चित्रकारही होती. तिच्या ठायीं या दोन गोष्टी निराळ्या करतां येत नाहींत. तिचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

मारिया सिबिला मेरियन हिचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं झाला. तिचे वडील माथ्यूस मेरियन हे तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरणारे नामांकित कारागीर व ग्रंथप्रकाशक होते. मारिया तीन वर्षांची असतांनाच ते वारले. पुढें तिच्या आईनें याकोब मारेल नांवाच्या, फुलांचीं चित्रें काढणाऱ्या एका चित्रकाराशीं पुनर्विवाह केला. या सावत्र पित्यानें मुलीच्या हातांतील गुण ओळखला आणि तिला रंग कालविण्यापासून चित्र पुरें करण्यापर्यंत सर्व कांहीं शिकविलें.

१६६० सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, मारियानें रेशमाचे किडे पाळले. अंड्यांतून बारीक अळी निघते, ती पाला खाऊन वाढते, मग आपल्याभोंवतीं धागा गुंडाळून निजते, आणि कांहीं दिवसांनीं त्या कोशांतून पंख फुटलेला पतंग बाहेर येतो, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें व कागदावर उतरविलें. मग तिच्या मनांत सहजच प्रश्न आला कीं, बागेंतील इतर सुरवंटांचेंही असेंच होत असेल काय? तेव्हांपासून सांपडेल तो सुरवंट घरीं आणावा, पेटींत ठेवावा, त्यास रोज ताजा पाला घालावा आणि पुढें काय होतें तें पाहावें, असा तिचा नित्यक्रम सुरू झाला. तो जवळजवळ पन्नास वर्षें चालला.

त्या काळीं बहुतेक लोकांची समजूत अशी होती कीं, किडे चिखलांतून व कुजलेल्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात. इटलींतील फ्रांचेस्को रेदी या वैद्यानें मांसावर बारीक कापड बांधून, माश्यांनीं अंडीं घातल्यावांचून त्यांत अळ्या होत नाहींत, हें १६६८ सालीं सिद्ध करून दाखविलें. फ्रँकफुर्टच्या या मुलीनें आपल्या पेट्या त्यापूर्वीं आठ वर्षें मांडिल्या होत्या.

१६६५ सालीं मारेल यांचे शिष्य योहान आंद्रेआस ग्राफ यांच्याशीं तिचा विवाह झाला. योहाना हेलेना व डोरोथेया मारिया या दोन कन्या अनुक्रमें १६६८ व १६७८ सालीं झाल्या. मध्यंतरीं हें कुटुंब न्यूर्नबर्ग शहरीं राहावयास गेलें. तेथें मेरियनबाई श्रीमंत घरच्या मुलींस चित्रकला व भरतकाम शिकवीत, आणि त्यांच्या उपयोगासाठीं फुलांच्या चित्रांचीं पुस्तकेंही त्यांनीं काढिलीं. मुलींचें संगोपन, घरकाम, शिकवणी हें सर्व सांभाळून सुरवंटांच्या पेट्या चालूच होत्या. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. पुष्कळ सुरवंट एखाद्याच जातीच्या झाडाचीं पानें खातात. दुसरा पाला घातल्यास उपाशी मरतात. पाला शिळा झाला तरी मरतात. म्हणून सुरवंट ओळखावयाचा तर त्याचें झाड आधीं ओळखलें पाहिजे, हा धडा बाईंस या रोजच्या कष्टांतून मिळाला.

हाच धडा त्यांच्या चित्रांत उतरला. १६७९ सालीं त्यांनीं सुरवंटांच्या रूपांतरावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ५० चित्रें होतीं. १६८३ सालीं दुसऱ्या भागांत आणखी ५० आलीं. तोंपर्यंत किड्यांचीं चित्रें काढणारे लोक एकेक किडा पांढऱ्या कागदावर सुटा मांडीत असत. मेरियनबाईंनीं झाडाची एक फांदी काढिली आणि त्याच फांदीवर अंडीं, अळी, कोश व पंख फुटलेला जीव असा सर्व जन्मक्रम दाखविला. अळीनें पान कुरतडलें असेल तर तें कुरतडलेलेंच काढिलें. विद्वानांचे ग्रंथ तेव्हां बहुधा लॅटिन भाषेंत निघत. यांनीं आपला ग्रंथ साध्या जर्मन भाषेंत लिहिला. कधीं कधीं कोशांतून फुलपाखराऐवजीं माश्याच बाहेर पडत. त्याचें कारण आज सर्वांस ठाऊक आहे : कांहीं जातींच्या माश्या व गांधीलमाश्या सुरवंटाच्या अंगांत अंडीं घालतात. बाईंच्या काळीं हा उलगडा झालेला नव्हता. तरी जें दिसलें तें त्यांनीं लपविलें नाहीं, जसेंच्या तसें टिपून ठेविलें.

१६८५ सालीं त्या पतीपासून दूर झाल्या आणि आई व दोन्ही मुलींसह नेदरलँड्समधील फ्रीसलंड प्रांतांत गेल्या. तेथें वियुवर्ड गांवीं एका धार्मिक मंडळींत त्यांनीं साधेपणानें कांहीं वर्षें काढिलीं. तो विवाह पुढें मोडला. १६९० सालीं आई वारल्यावर दुसऱ्या वर्षीं त्या ॲम्स्टरडॅम शहरीं आल्या. दूरदूरच्या वसाहतींतून जहाजांनीं आणलेलीं रंगीबेरंगी फुलपाखरें तेथील धनिकांच्या संग्रहांत टांचण्या टोंचून मांडलेलीं असत. तीं पाहून बाईंस आश्चर्य वाटलें, पण समाधान झालें नाहीं. हें फुलपाखरूं कोणत्या अळीचें, ती अळी कोणत्या झाडावर वाढली, याचें उत्तर त्या मेलेल्या पंखांत नव्हतें. तें पाहावयाचें तर त्या देशींच गेलें पाहिजे!

आणि त्या गेल्या. आपलीं चित्रें व संग्रह विकून त्यांनीं पैसा उभा केला, मृत्युपत्र करून ठेविलें, आणि १६९९ सालीं धाकट्या मुलीस बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला जाणाऱ्या जहाजावर पाय ठेविला. तेव्हां त्यांचें वय ५२ वर्षांचें होतें. शास्त्रीय शोधासाठीं एवढा समुद्रप्रवास करण्याची पुरुषांतही तेव्हां रीत नव्हती.

सुरिनाम ही डच लोकांची वसाहत होती. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांकडून तेथें उंसाचे मळे पिकविले जात. साखरेवांचून दुसरें कांहीं शोधणारी ही बाई पाहून मळेवाले हंसत. बाईंनीं त्यांची पर्वा केली नाहीं. घनदाट रानांत कुऱ्हाडींनीं वाट काढून त्या व डोरोथेया सुरवंट गोळा करीत. येथें एक गोष्ट आम्हांस सांगितली पाहिजे. ही वाट तोडणारे हात गुलामांचे होते. वनस्पतींची पुष्कळशी माहितीही बाईंस गुलाम स्त्रियांकडून व मूळ रहिवाशांकडून मिळाली. पण त्यांचीं नांवें ग्रंथांत आलीं नाहींत. तरी त्यांचें दुःख बाईंनीं झांकून ठेविलें नाहीं. आपल्याकडे ज्याला शंकासुर म्हणतात, त्या तांबड्यापिवळ्या फुलांच्या झाडाचें चित्र त्यांच्या ग्रंथांत आहे. त्याखालीं त्यांनीं नमूद केलें आहे कीं, धन्यांच्या जुलमानें गांजलेल्या गुलाम स्त्रिया, आपल्या पोटीं येणाऱ्या मुलांनीं तरी दास्य भोगूं नये म्हणून, या झाडाच्या बियांनीं गर्भ पाडीत. आणि हें त्या स्त्रियांनींच आपणांस सांगितलें. कीटकांच्या पुस्तकांत हें लिहिण्याची कांहींच सक्ती नव्हती.

तेथील उष्ण हवा बाईंस मानवली नाहीं. दुखण्यानें जर्जर होऊन १७०१ सालीं त्या परतल्या. १७०५ सालीं सुरिनामच्या कीटकांच्या रूपांतरांवरील त्यांचा मोठा ग्रंथ ६० चित्रांसह डच व लॅटिन भाषांत प्रसिद्ध झाला. त्यांतील पहिलेंच चित्र अननसाचें. आणि त्या राजस फळावर बाईंनीं झुरळें बसविलीं आहेत. जेथें जें राहतें तें तेथें दाखवावयाचें, हा त्यांचा नियम होता.

याच ग्रंथांतील १८ व्या चित्रानें पुढें मोठा वाद माजविला. पेरूच्या फांदीवर एक केसाळ कोळी चिमुकल्या गुंजनपक्ष्यास धरून खात आहे, आणि शेजारीं मुंग्या पानें कातरून नेत आहेत, असा तो देखावा आहे. कोळी पक्षी खातो, ही गोष्ट पुढील पिढ्यांतील कित्येक विद्वानांस पटेना. १८३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत लॅन्सडाउन गिल्डिंग यांनीं बाईंच्या ग्रंथावर कठोर टीका केली. त्यांनीं स्वतः सुरिनाम पाहिलेलें नव्हतें. पुढें हेन्री वॉल्टर बेट्स यांनीं ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत ११ वर्षें काढिलीं. मोठ्या कोळ्यानें लहान पक्षी मारल्याचें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें, आणि १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत तें प्रसिद्ध केलें. बाईंस जाऊन तेव्हां १४६ वर्षें झालीं होतीं! पानें कातरणाऱ्या मुंग्या तर आज शाळेंतील मुलांसही माहीत आहेत.

मात्र त्यांच्या हातून चूक झालीच नाहीं असें नव्हे. एका मोठ्या डोक्याच्या किड्यापासून रात्रीं वाचण्याजोगा उजेड पडतो, असें त्यांनीं लिहिलें. तो किडा प्रकाश देत नाहीं, हें आतां ठरलें आहे. चुका दुरुस्त झाल्या, आणि जें खरें होतें तें टिकलें. वनस्पति व प्राणी यांस शास्त्रीय नांवें देतांना लिनियसनें त्यांच्या चित्रांचा आधार घेतला. जीव व त्याची परिस्थिति यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या शास्त्रास १८६६ सालीं हेकेल यांनीं नांव दिलें. बाईंच्या चित्रांत तो विचार दीडशें वर्षांहून अधिक काळ आधींच अवतरला होता.

१७१५ सालीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला, आणि १३ जानेवारी १७१७ रोजीं ॲम्स्टरडॅम येथें त्यांचें देहावसान झालें. सुरवंटांच्या ग्रंथाचा तिसरा भाग त्याच वर्षीं डोरोथेयानें प्रसिद्ध केला. रशियाचा बादशहा पीटर यानें त्यांचीं चित्रें विकत घेतलीं. तेराव्या वर्षापासूनच्या नोंदींची त्यांची वही आजही सेंट पीटर्सबर्ग येथें जपून ठेविलेली आहे. १९९२ सालीं जर्मनीनें ५०० मार्कांच्या नोटेवर त्यांची छबी छापली, आणि तिच्या पाठीमागें, त्यांस आवडलें असतें असेंच, एका रानफुलावर बसलेला सुरवंट काढिला.

विद्यार्थिमित्रहो, सुरिनामला जाणें सर्वांस शक्य नाहीं. पण परसांतील लिंबाचें झाड व रस्त्याकडेची रुई कोणास दूर नाहीं. लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या सुरवंटाचें फुलपाखरूं एक, रुईवरच्याचें दुसरें. एखादा सुरवंट हवेशीर डबींत ठेवावा, रोज त्याच झाडाचीं ताजीं पानें घालावीं, तारीख घालून चित्र काढावें, आणि पंख सुकतांच त्यास सोडून द्यावें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें किंवा मुलीनें असा एखादा किडा घरीं आणला तर तो लगेच बाहेर टाकावयास लावूं नये. याकोब मारेलच्या घरांत त्या पेट्यांस जागा मिळाली, म्हणूनच हें चरित्र आम्हांस आज सांगतां आलें.